घराच्या खिडकीतून आकाशाचे रंग : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. घरातून, म्हणजे खिडकीतून, सज्जातून किंवा गच्चीवरून, इंद्रधनुष्याचे आणि रंगलेल्या आकाशाचे छायाचित्र कसे घ्यावे, हा तो विषय. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे खाली देत आहे. कॅमेऱ्याच्या बटणांपेक्षा सूर्याच्या जागेबद्दल मी अधिक लिहिले आहे, कारण सूर्य कुठे आहे हे ज्याला नेमके ठाऊक असते त्याला साध्या मोबाइलवरही चांगले चित्र मिळते, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

प्रश्न : पाऊस ओसरून ऊन पडले की मी मोबाइल घेऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत धावते, आणि योग्य खिडकी सापडेपर्यंत इंद्रधनुष्य विरून गेलेले असते. ते कुठे दिसेल हे आधी कळू शकते का?

उत्तर : कळू शकते, आणि तेही पुष्कळ अचूकपणे. सूर्याकडे पाठ करून उभे राहिल्यावर आपल्या डोक्याची सावली जिथे पडते, तो बिंदू इंद्रधनुष्याच्या वर्तुळाचा मध्य असतो. त्या मध्यापासून सर्व बाजूंना सुमारे 42 अंशांवर मुख्य धनुष्याची कड येते. सूर्यकिरण पावसाच्या थेंबात शिरताना वाकतो, थेंबाच्या मागच्या पृष्ठावरून एकदा परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. या प्रवासात सर्वांत जास्त प्रकाश एकवटतो तो याच कोनाच्या आसपास. ही भूमिती देकार्तने 1637 मध्ये गणिताने मांडली, आणि रंग वेगळे का होतात याचा उलगडा पुढे न्यूटनने केला.

हे 42 अंश मोजायला कोणतेही उपकरण लागत नाही. हात पूर्ण लांब करून वीत पसरली की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत आकाशाचे साधारण 20 अंश झाकले जातात. म्हणून डोक्याच्या सावलीपासून दोन विती आणि थोडे अधिक, एवढ्या अंतरावर धनुष्य शोधावे. संध्याकाळी आपण पूर्वेच्या खिडकीत उभ्या असाल तर सूर्य घराच्या मागे असतो आणि आपली सावली दिसत नाही. अशा वेळी खाली जमिनीवर पडलेली इमारतीची सावली पाहावी. त्या सावलीत आपली खिडकी जिथे येत असेल, तिथे आपल्या डोक्याची सावली आहे असे समजावे आणि तिथून दोन विती मोजाव्यात.

यातून आणखी एक गोष्ट निघते. धनुष्याचा माथा क्षितिजापासून किती वर असेल, हे 42 मधून सूर्याची उंची वजा केली की मिळते. सूर्य क्षितिजावर टेकला असेल तर अर्धे वर्तुळ उभे राहते. सूर्य 30 अंश वर असेल तर केवळ 12 अंश उंचीची ठेंगणी कमान उरते. आणि सूर्य 42 अंशांच्या वर गेला की सपाट जमिनीवरून मुख्य धनुष्य दिसतच नाही. ही सीमा ओळखण्याची खूण सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा थोडी तरी लांब पडत असेल, तरच धनुष्याची शक्यता असते. सकाळी ते पश्चिमेच्या बाजूला आणि दुपार कलल्यावर पूर्वेच्या बाजूला शोधायचे, म्हणजे चार खिडक्यांपैकी एक किंवा फार तर दोन उरतात. माझी सूचना अशी, की निरभ्र दिवशी सकाळी आठ वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता ऊन घरात कोणत्या बाजूने येते ते एकदा नीट पाहून ठेवावे, आणि ऋतू पालटला की पुन्हा पाहावे. पावसाची सर चालू असतानाच विरुद्ध बाजूने उन्हाची तिरीप आली, की सरळ ठरलेल्या खिडकीशी जाऊन उभे राहावे. तैवानमध्ये 30 नोव्हेंबर 2017 रोजी एक इंद्रधनुष्य 8 तास 58 मिनिटे टिकल्याची नोंद आहे, परंतु एरवी आपल्या हाती मिनिटेच असतात.

विजा चमकत असतील, गडगडाट ऐकू येत असेल, तर गच्चीवर किंवा उघड्या सज्जात मुळीच जाऊ नये. खिडकीच्या आतून मिळेल तेवढेच चित्र घ्यावे.

प्रश्न : डोळ्यांना पूर्ण कमान दिसते, मोबाइलच्या चौकटीत मात्र एकच बाजू मावते. मागे सरकूनही फरक पडत नाही. असे का?

उत्तर : मागे सरकून फरक पडत नाही, कारण इंद्रधनुष्य ही ठरावीक अंतरावर उभी असलेली वस्तूच नव्हे. तो एक कोन आहे, आणि आपण कुठेही गेलो तरी कोन तोच राहतो. संपूर्ण कमान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 84 अंश रुंद असते. मोबाइलचा मुख्य कॅमेरा आडवा धरल्यावर साधारण 65 ते 75 अंश पाहतो, म्हणून कमान कापली जाते. मोबाइलमध्ये अतिरुंद, म्हणजे ज्यावर 0.5 किंवा 0.6 असा आकडा असतो, तो कॅमेरा असेल तर तो निवडावा. त्यात मुख्य कमान सहज मावते. मोठा कॅमेरा वापरणाऱ्यांसाठी हिशेब असा : फुल-फ्रेम कॅमेऱ्याला 20 मिमीची लेन्स जेमतेम पुरते, त्यामुळे 16 ते 18 मिमी असल्यास कडेला थोडे आकाश मोकळे राहते. बाहेरचे दुसरे धनुष्यही हवे असेल तर 14 मिमीपर्यंत जावे लागते, कारण त्याची त्रिज्या सुमारे 51 अंश असते.

अतिरुंद कॅमेरा नसेल तर पॅनोरमा घ्यावा. मोबाइल उभा धरावा, कमानीच्या एका पायापासून सुरुवात करावी आणि दुसऱ्या पायापर्यंत एकाच जागी उभे राहून वळावे. सुरू करण्याआधी पडद्यावर कमानीजवळच्या ढगावर बोट दाबून धरावे, म्हणजे बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि प्रकाश दोन्ही स्थिर होतात. तसे न केल्यास कमानीचा एक भाग उजळ आणि दुसरा काळवंडलेला येतो. मात्र पूर्ण कमानीचा अट्टहास नेहमीच करू नये, असे मला वाटते. कमानीचा पाय जिथे झाडांमागे किंवा घरांच्या छपरांमागे उतरतो, तो एवढासा भाग पुष्कळदा संपूर्ण कमानीपेक्षा अधिक बोलका असतो, आणि तिथे मुख्य कॅमेराच जास्त चांगले काम करतो.

इथे एक गमतीची सोय आपल्या हातात असते. आपण सरकलो की धनुष्यही आपल्याबरोबर सरकते, समोरची झाडे आणि घरे मात्र जागीच राहतात. त्यामुळे कमानीचा पाय एखाद्या विजेच्या खांबावर येत असेल तर सज्जात चार पावले डावीकडे किंवा उजवीकडे जाऊन तो खांबापासून सोडवता येतो. दोन शेजारी उभी असलेली माणसेही काटेकोरपणे पाहता एकच धनुष्य पाहत नसतात; प्रत्येकाच्या डोळ्यांत येणारा प्रकाश वेगवेगळ्या थेंबांतून आलेला असतो.

प्रश्न : प्रत्यक्षात रंग ठसठशीत दिसतात आणि छायाचित्रात ते धुवून निघाल्यासारखे येतात. फिल्टर लावल्यास उपयोग होईल का?

उत्तर : आधी फिल्टरशिवाय काय करता येते ते सांगतो. कॅमेरा पूर्ण चौकटीचा सरासरी प्रकाश मोजतो. धनुष्यामागचा ढग काळा असतो, म्हणून कॅमेरा तो उजळायला जातो आणि त्या भरात रंग फिके होतात. पडद्यावर धनुष्याशेजारी बोट टेकवून प्रकाश थोडा खाली ओढावा. मोठ्या कॅमेऱ्यावर उणे एक-तृतीयांश ते उणे एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) पुरेसे असते. पार्श्वभूमी निवडता येत असेल तर गडद ढग किंवा दाट झाडी असलेला भाग चौकटीत घ्यावा, कारण उजळ पांढऱ्या आकाशावर धनुष्य उमटत नाही. फोकससाठी कॅमेरा चाचपडत असेल तर दूरच्या इमारतीच्या कडेवर फोकस करून तो तिथेच बांधून ठेवावा. फ्लॅश बंद असावा. तो चालू राहिल्यास जवळच्या पावसाचे थेंब पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकतात आणि चित्र वाया जाते.

आता फिल्टरविषयी. इंद्रधनुष्याचा प्रकाश मोठ्या प्रमाणात ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी कमानीच्या वळणाच्या दिशेने कंप पावत असतात. त्यामुळे पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा फिल्टर, योग्य कोनात फिरवला तर मागच्या ढगाची पांढरट चमक कमी होते आणि रंग उठून दिसतात; तोच चुकीच्या कोनात फिरवला तर धनुष्य चक्क नाहीसे होते. अडचण अशी, की कमानीच्या माथ्यावर ही दिशा आडवी असते आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ उभी, म्हणून एकाच कोनात सगळी कमान खुलवता येत नाही. माथा उजळला तर बाजू फिक्या पडतात. यासाठी पोलरायझर कमानीच्या तुकड्यासाठी वापरावा, पूर्ण कमानीसाठी काढून ठेवावा. ज्यांच्याकडे पोलरॉइड काचांचा गॉगल आहे त्यांनी तो घालून धनुष्याकडे पाहावे. अशा काचा आडव्या दिशेचा प्रकाश अडवतात, त्यामुळे कमानीचा माथा विरतो आणि पाय तेवढे उरतात. मान कलती केली की विरलेला भाग परत येतो. हाच गॉगल मोबाइलच्या लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवला तर फिल्टरचे काम होते.

रंग फिके असले तरी चित्र टाकून देण्याआधी ते मोठे करून कमानीच्या आतल्या कडेला पाहावे. जांभळ्याच्या खाली कधी कधी गुलाबी आणि हिरवट रेषांच्या दोन-तीन नाजूक पदरी घड्या दिसतात. थेंब बारीक आणि एकसारखे असले की त्या उमटतात, आणि प्रकाशाच्या लहरी एकमेकींत मिसळल्यामुळे त्या होतात हे थॉमस यंगने 1804 मध्ये दाखवून दिले. ‘तानापिहिनिपाजा’ हा क्रम पाठ असलेल्या आपणा सर्वांना जांभळ्यानंतर पुन्हा रंग पाहून नवल वाटते. दुहेरी धनुष्याच्या चित्रात आणखी दोन गोष्टी तपासाव्यात : बाहेरच्या कमानीत हा क्रम उलटा झालेला असतो, आणि दोन कमानींमधला आकाशाचा पट्टा आसपासच्या आकाशापेक्षा स्पष्टपणे काळसर असतो.

प्रश्न : आमची खिडकी उघडत नाही, तिला काच आहे. दुसऱ्या खोलीच्या खिडकीला गज आणि मच्छरजाळी आहे. यांतून चित्र घेता येईल का?

उत्तर : काचेतून निश्चित घेता येईल. खोलीतले सगळे दिवे आणि दूरदर्शन संच बंद करावा, काच आतून पुसावी, आणि लेन्स काचेला जवळजवळ टेकवून सरळ समोर धरावी. माझ्याकडे दुहेरी धनुष्याचे एक चित्र आहे, ज्यात आतल्या कमानीच्या बरोबर माथ्यावर एक पिवळा गोळा आहे. तो माझ्या पाठीमागच्या दिव्याचा आहे. ते धनुष्य पुन्हा आले नाही, आणि तेव्हापासून मी खिडकीशी जाताना आधी दिव्याच्या बटणाकडे जातो. लेन्सभोवती काळे कापड गुंडाळून ते काचेला चिकटवून धरले तर प्रतिबिंबाची भीती उरत नाही. रंगीत काच असल्यास रंग बदलतात, त्याला इलाज नाही. पोलरायझर असल्यास काचेतून वापरण्याआधी एकदा पाहून घ्यावे, कारण ताण दिलेल्या टणक काचेत तो फिरवल्यावर चट्टेपट्टे उमटू शकतात.

गजांमधून मोबाइलची लेन्स बाहेर काढता येते. मोबाइलची दोरी मनगटात अडकवूनच हे करावे. जाळीबाबत मात्र अतिरुंद कॅमेरा टाळावा, कारण त्यात जाळीचे तंतू दिसतात. मुख्य किंवा झूम कॅमेरा जाळीला अगदी टेकवला तर तंतू धूसर होऊन नाहीसे होतात, रंगांचा ठसठशीतपणा तेवढा थोडा कमी होतो.

प्रश्न : आमच्या घराला पूर्वेकडेच खिडकी आहे. सूर्यास्ताचे रंग टिपण्याची इच्छा सोडून द्यावी का?

उत्तर : मुळीच सोडू नये. बहुतेक जण सूर्यास्ताला पश्चिमेकडे तोंड करून उभे राहतात आणि सूर्य बुडताच निघून जातात. त्यामुळे पाठीमागे पूर्वेला काय चालले आहे हे त्यांना कधी कळतच नाही. आकाश निरभ्र असेल तर सूर्य मावळल्यानंतर थोड्याच वेळात पूर्वेच्या क्षितिजावर निळसर-करड्या रंगाचा एक पट्टा वर चढू लागतो, आणि त्याच्या माथ्यावर फिकट गुलाबी पट्टा असतो. खालचा करडा पट्टा म्हणजे आपल्या पृथ्वीची वातावरणावर पडलेली सावली. वरच्या गुलाबी पट्ट्याला शुक्राचा पट्टा म्हणतात. मावळून गेलेल्या सूर्याचा तांबूस प्रकाश तिथल्या हवेवरून परतून आपल्याकडे येत असतो. पंधरा-वीस मिनिटांत सावली वर सरकत जाते आणि गुलाबी रंग विरतो. पृथ्वीची सावली स्वतःच्या खिडकीतून वर चढताना पाहणे, हे मला आजही कोणत्याही भडक सूर्यास्तापेक्षा अधिक थरारक वाटते. दर दोन मिनिटांनी एक, अशी आठ-दहा चित्रे एकाच जागेवरून घ्यावीत. पहाटे हाच प्रकार पश्चिमेच्या खिडकीतून उलट क्रमाने दिसतो.

पश्चिमेची खिडकी असणाऱ्यांनाही तेच सांगणे आहे, की सूर्य बुडाल्यावर लगेच उठू नये. उंचावर विरळ ढग असतील तर जमिनीवर अंधारू लागल्यानंतरही सूर्याचा प्रकाश त्यांच्या तळाला लागतो आणि दहा-वीस मिनिटांनी त्यांना खरा रंग चढतो. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश, सूर्य डोक्यावर असतो त्या वेळेच्या मानाने, सुमारे 38 पट हवा ओलांडून येतो. वाटेत निळा प्रकाश विखरून जातो आणि तांबडा-नारिंगी तेवढा पोहोचतो. प्रदूषणामुळे सूर्यास्त जास्त रंगतो अशी समजूत एका वाचकाने लिहिली आहे, ती बरोबर नाही. खालच्या थरातली धूळ आणि धूर रंग मळवतात. पावसाने हवा धुतल्यानंतरची संध्याकाळ अधिक झळाळते. 1883 मध्ये क्राकाटोआच्या स्फोटानंतर जगभर विलक्षण सूर्यास्त दिसले ते खरे, परंतु ते कण फार उंचावर, स्थितांबरात पोहोचले होते.

कॅमेऱ्याच्या बाजूने इथे एकच गोष्ट फार महत्त्वाची आहे, ती म्हणजे व्हाइट बॅलन्स, अर्थात प्रकाशाच्या छटेनुसार चित्रातले रंग जुळवणारी कॅमेऱ्याची सोय. तो ऑटोवर असेल तर कॅमेरा तांबूसपणाला दोष समजून दुरुस्त करतो आणि रंग पुसून टाकतो. तो ‘डेलाइट’ किंवा 5500 केल्व्हिनच्या आसपास बांधून ठेवावा. अंधार वाढल्यावर मोबाइल खिडकीच्या कठड्यावर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बटण दाबताना बसणारा हादरा चित्रात येत नाही. सूर्य अजून वर असेल तर मोठ्या कॅमेऱ्याच्या प्रकाशीय व्ह्यूफाइंडरमधून त्याच्याकडे कधीही पाहू नये. डोळ्यांना कायमची इजा होते.

प्रश्न : भर दुपारी सूर्याच्या खाली विरळ ढगात आडवा रंगीत पट्टा दिसला. हे कोणते इंद्रधनुष्य?

उत्तर : सूर्याच्याच बाजूला दिसले, म्हणजे ते इंद्रधनुष्य नव्हे. उंच ढगांतील चपट्या, षट्कोनी हिमस्फटिकांमधून प्रकाश वाकल्याने असा आडवा कंस तयार होतो, आणि त्यासाठी सूर्य 58 अंशांपेक्षा उंच असावा लागतो. तो सूर्याच्या खाली सुमारे 46 अंशांवर, म्हणजे दोन वितींहून थोडा अधिक अंतरावर असतो आणि त्याची तांबडी कड सूर्याच्या बाजूला असते. छपराच्या कडेने किंवा खिडकीच्या चौकटीने सूर्य झाकून घ्यावा आणि प्रकाश एक स्टॉप कमी करून चित्र घ्यावे.

प्रश्न : नंतर मोबाइलवर रंग वाढवणे ही फसवणूक आहे का?

उत्तर : थोडे वाढवणे ही फसवणूक नव्हे, कारण कॅमेऱ्याने जे फिके केले ते आपण परत मिळवत असतो. सोय असल्यास रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या रूपात, चित्र घ्यावे. साध्या जेपेग चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या 256 पायऱ्या असतात, आणि त्यांत रंग ताणले की आकाशाच्या मऊ उतारावर पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे दिसू लागतात. रॉ चित्रात त्या हजारोंनी असतात. आधी धूसरपणा थोडा कमी करावा, मग सावल्या किंचित गडद कराव्यात, आणि रंगांचा दांडा सर्वांत शेवटी हलवावा. कुठे थांबावे हे ओळखण्याची माझी पद्धत अशी आहे : चित्रातले धनुष्य मोठे करून नारिंगी आणि हिरव्याच्या मधला पिवळा पाहावा. खऱ्या धनुष्यात तो अरुंद असतो आणि दोन्ही बाजूंच्या रंगांत अलगद मिसळतो. त्याला स्वतंत्र कडा दिसू लागली, की दांडा मागे घ्यावा. मूळ चित्र मात्र पुसू नये, ते तारीख आणि वेळेसह जपून ठेवावे. वर्षभराने अशी पाच-सहा चित्रे जमली, की कोणत्या महिन्यात, किती वाजता आणि कोणत्या खिडकीत उभे राहायचे याचा आपल्या घरापुरता तक्ता आपोआप तयार होतो.